वाकणारा किरण आणि सरळ व्यवहार

सोन्याचे दागिने तारण ठेवून कर्ज घेतले जाते, तेव्हा मूल्यमापक प्रथम दागिन्याचे एकूण वजन करतो आणि मग त्यातील खडे, मोती व लाख यांचे वजन वजा करतो. उरलेल्या निव्वळ सोन्याचे वजन आणि त्याची शुद्धता यांवरच कर्जाची रक्कम ठरते. हार कितीही रत्नजडित असला, तरी खड्यांच्या नावे सहसा शून्य मांडले जाते. पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या हिऱ्याच्या कुड्यांची अशी शून्यात गणना झालेली पाहून घरातील वडीलधाऱ्या बाईंना वाईट वाटते. परंतु यात अवमान नसतो, अडचण असते. सोन्याचा कस कसोटीच्या दगडावर थोड्या वेळात लागतो. खड्याचा कस लावणारा असा सोपा दगड मेजावर ठेवता येत नाही.

तथापि खड्यालाही एक कसोटी आहे आणि ती म्हणजे प्रकाशाचा किरण. प्रत्येक पारदर्शक पदार्थ आपल्यात शिरणाऱ्या किरणाला ठरावीक प्रमाणात वाकवतो. काचेचे प्रमाण वेगळे, पाण्याचे वेगळे, माणकाचे वेगळे आणि हिऱ्याचे त्याहून वेगळे. बँकेत खातेदाराची नमुना सही जपून ठेवलेली असते आणि प्रत्येक धनादेशावरील सही तिच्याशी ताडून पाहिली जाते. किरण वाकण्याचे हे प्रमाण म्हणजे पदार्थाची अशीच नमुना सही होय. ही सही वाचण्याची विद्या सराफाच्या पेढीपासून तुपाच्या गोदामापर्यंत सर्वत्र उपयोगी पडते. म्हणून व्यापारी कुटुंबांनी तिची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

किरण का वाकतो?

पाण्याने भरलेल्या पेल्यात चमचा तिरपा ठेवला, की पाण्याच्या पृष्ठभागापाशी तो मोडल्यासारखा दिसतो. हौदाचा तळ असतो त्यापेक्षा वर आलेला भासतो. चार फूट खोल हौद काठावरून सरळ खाली पाहणाऱ्याला जेमतेम तीन फूट खोल वाटतो. पोहता न येणाऱ्या मुलाच्या बाबतीत हा एका फुटाचा फरक जिवावर बेतू शकतो. पूर्वीच्या क्रमिक पुस्तकांत या घटनेला ‘वक्रीभवन’ म्हणत, आजची पुस्तके तिला ‘अपवर्तन’ म्हणतात. शब्द बदलला तरी मूळ गोष्ट एकच आहे. एका पदार्थातून दुसऱ्या पदार्थात तिरपा शिरताना प्रकाश आपली दिशा बदलतो.

याचे कारण वेगात आहे. निर्वात पोकळीत प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावतो. पाण्यात हा वेग सुमारे २ लाख २५ हजार किलोमीटरवर येतो, साध्या काचेत सुमारे २ लाखांवर आणि हिऱ्यात तर सुमारे १ लाख २४ हजारांवर. पदार्थातील अणूंभोवतीचे इलेक्ट्रॉन प्रकाशलहरीच्या स्पर्शाने कंप पावतात आणि स्वतःही लहरी सोडतात. मूळ लहर व या नव्या लहरी यांच्या मिश्रणातून जी लहर पुढे सरकते, ती मागे रेंगाळत जाते.

वेग कमी झाला म्हणून दिशा का बदलावी, हे समजण्यासाठी प्रभातफेरीचे उदाहरण घेता येईल. लोक हातात हात घालून, सरळ रांगा धरून डांबरी रस्त्याने चालले आहेत आणि पुढे रस्ता संपून वाळू लागते, अशी कल्पना करावी. फेरी वाळूच्या कडेशी तिरपी येऊन भिडली, तर रांगेच्या एका टोकाचे लोक आधी वाळूत उतरतील आणि त्यांची चाल मंदावेल. दुसऱ्या टोकाचे लोक अद्याप रस्त्यावरच असल्याने भरभर पुढे जातील. हात सुटले नाहीत तर संपूर्ण रांग आपोआप वळेल. फेरी अगदी काटकोनात येऊन भिडली, तर सारी रांग एकाच वेळी वाळूत उतरेल. मग चाल मंदावेल, पण दिशा बदलणार नाही. प्रकाशाचे वागणे नेमके असेच असते.

निर्वात पोकळीतील वेगाला पदार्थातील वेगाने भागले असता येणाऱ्या संख्येला ‘अपवर्तनांक’ म्हणतात. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, साध्या काचेचा सुमारे १.५२, पाचूचा १.५७ ते १.५८ च्या आसपास, माणकाचा १.७६ ते १.७७ आणि हिऱ्याचा २.४२ इतका असतो. हीच ती नमुना सही.

नियमाचा शोध आणि नोंदीचे महत्त्व

किरण वाकतो हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक होते. किती वाकतो, हे नेमके सांगणारा नियम हाती यायला मात्र शतके लागली. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया येथील टॉलेमीने हवेतून पाण्यात शिरणाऱ्या किरणांचे कोन मांडून ठेवले. हवेत १० अंशांचा कोन असेल तर पाण्यात ८ अंश, २० अंशांना साडेपंधरा, ३० अंशांना साडेबावीस, ४० अंशांना २९ आणि असेच पुढे ८० अंशांना ५०. जमाखर्च तपासणाऱ्या माणसाला या आकड्यांत एक गोष्ट चटकन खटकेल. प्रत्येक टप्प्यावरील वाढ साडेसात, सात, साडेसहा, सहा अशी अचूक अर्ध्या-अर्ध्या अंशाने घटत जाते. प्रत्यक्ष मोजमाप इतके सुबक येत नाही. काही आकडे मोजण्याऐवजी बसवले गेले असावेत, असे अभ्यासक मानतात. मधले कोन बरोबर आहेत, पण शेवटचा ५० अंशांचा कोन प्रत्यक्षात सुमारे साडेसत्तेचाळीस अंश असायला हवा. हिशेबाची वही फार नीटनेटकी दिसू लागली की ती पुन्हा तपासावी, हा तपासनीसांचा दंडक विज्ञानातही लागू पडतो.

इसवी सन ९८४ च्या सुमारास बगदादमध्ये इब्न सहल या गणितज्ञाने भिंगांविषयी लिहिताना भूमितीच्या रूपात खरा नियम मांडला होता. परंतु तो विस्मृतीत गेला आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस अभ्यासकांच्या नजरेस पडला. १६०२ मध्ये इंग्लंडच्या थॉमस हॅरियटला तोच नियम सापडला, पण त्याने तो प्रसिद्ध केला नाही. १६२१ मध्ये हॉलंडच्या विलेब्रॉर्ड स्नेलला सापडला, त्यानेही तो छापला नाही. १६३७ मध्ये फ्रान्सच्या देकार्तने आपल्या ग्रंथात तो छापला, तेव्हा तो जगापुढे आला. आज जगभरची पुस्तके त्याला स्नेलचा नियम म्हणतात आणि फ्रान्समध्ये देकार्तचे नावही जोडले जाते. इब्न सहल आणि हॅरियट मात्र मागेच राहिले. व्यवहार झाला, पण वहीत नोंद झाली नाही, तर पुढे हक्क सांगणे किती कठीण जाते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

नियम समजला तरी त्यामागील कारणाविषयी वाद होताच. १६६२ मध्ये फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने असा विचार मांडला, की एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाताना प्रकाश कमीत कमी वेळाची वाट धरतो. हा विचार व्यापाऱ्याला मुद्दाम समजावून सांगावा लागत नाही. माल पाठवताना अंतर थोडे वाढले तरी चांगल्या रस्त्याने जास्त जावे आणि चिखलाच्या वाटेवर कमीत कमी चालावे, हे गाडीवानालाही कळते. या विचाराला एक अट होती, ती म्हणजे पाण्यात प्रकाश हळू चालला पाहिजे. न्यूटनचे मत याच्या उलट होते. त्याच्या मते दाट पदार्थात प्रकाश अधिक वेगाने धावतो. १८५० मध्ये फूकोने प्रत्यक्ष प्रयोग करून पाण्यात प्रकाश हवेपेक्षा हळू चालतो हे दाखवले आणि वाद संपला. न्यूटनसारख्या अधिकारी पुरुषाचा शब्दही प्रयोगापुढे टिकला नाही.

हिऱ्याचे तेज कोठून येते?

दाट पदार्थातून हवेत बाहेर पडणारा किरण पृष्ठभागावर फार तिरपा येऊन आदळला, तर तो बाहेर पडूच शकत नाही आणि आरशावरून परतावा तसा संपूर्णपणे आत परततो. याला पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात. ज्या कोनापासून हे घडू लागते तो क्रांतिक कोन. पाण्यासाठी तो सुमारे साडेअठ्ठेचाळीस अंश, काचेसाठी सुमारे ४१ अंश आणि हिऱ्यासाठी केवळ साडेचोवीस अंशांच्या आसपास असतो. काचेतून प्रकाशाला निसटायला दार मोठे असते, हिऱ्यातून मात्र ते फारच अरुंद असते. आत शिरलेला किरण खालच्या पैलूंवर आदळून परत फिरतो आणि माथ्यातून पाहणाऱ्याच्या डोळ्यांत येतो. हिऱ्याचे तेज ते हेच.

हे तेज खाणीतून आयते मिळत नाही. पैलूंचे कोन चुकले तर उत्तम कच्च्या मालाचाही निस्तेज खडा होतो. हिऱ्याला पैलू पाडणाऱ्या घराण्यातील मार्सेल टोल्कोव्स्की याने १९१९ मध्ये ‘डायमंड डिझाइन’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. खालच्या मुख्य पैलूंचा कोन पावणेएकेचाळीस अंश आणि वरच्या पैलूंचा साडेचौतीस अंश असावा, असे त्याने गणिताने दाखवून दिले. गोल हिऱ्याचा विचार करताना आजही या आकड्यांचा आधार घेतला जातो. कारागिरापुढे मात्र एक मोह उभा असतो. खडा थोडा खोल ठेवला तर वजन वाचते आणि वजनावर भाव मिळतो, परंतु खोल खड्यातून प्रकाश खालून गळतो आणि मधोमध काळोखी दिसते. खडा फार उथळ झाला तर माथ्याच्या पैलूत कडेचे पांढुरके वलय दिसू लागते. दोन हिरे एकाच वजनाचे, एकाच रंगाचे आणि तितकेच निर्मळ असूनही एक दुसऱ्यापेक्षा अधिक तेजस्वी का दिसतो, याचे कारण बहुधा या कोनांतच असते. केवळ कॅरेट विचारून खरेदी करणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

हिऱ्यात दिसणारे इंद्रधनुष्यी रंगही अपवर्तनाचेच देणे आहे. लाल किरणासाठी हिऱ्याचा अपवर्तनांक सुमारे २.४१, तर जांभळ्यासाठी सुमारे २.४५ असतो. प्रत्येक रंग थोडा वेगळा वाकल्याने पांढरा प्रकाश रंगांत विभागला जातो.

घरातील गृहिणींना उपयोगी पडावी अशी एक गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. रोजच्या वापरातील हिऱ्याची अंगठी काही दिवसांत मंद दिसू लागते. हिरा झिजलेला नसतो, त्याच्या खालच्या बाजूला तेला-तुपाचा, साबणाचा थर बसलेला असतो. हवेऐवजी तेल लागले की तेथील क्रांतिक कोन साडेचोवीसवरून सुमारे ३७ अंशांवर जातो आणि जे किरण परत फिरायचे, त्यांतील अनेक खालून निसटतात. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश यांनी मागची बाजू स्वच्छ केली की गेलेले तेज परत येते.

सारख्या दिसणाऱ्या खड्यांची पारख

दोन बहिणींमध्ये आईच्या दागिन्यांची वाटणी होते. एकीला सोन्याच्या पाटल्या मिळतात, तर दुसरीला हिऱ्याच्या कुड्या. दोन्ही वाटे समान मानले जातात. काही वर्षांनी दुसरीला पैशांची गरज पडते आणि पेढीवर कळते की खडे हिऱ्याचे नाहीत. अशा वेळी पैशाचे नुकसान भरून निघू शकते, पण बहिणी-बहिणींमध्ये जी शंका शिरते ती निघत नाही. म्हणून वाटणीपूर्वी खड्यांची पारख करून घेणे हा अविश्वास नसून शहाणपणाचा भाग आहे.

‘अमेरिकन डायमंड’ या नावाने विकला जाणारा खडा म्हणजे क्युबिक झिर्कोनिया. त्याचा अपवर्तनांक २.१५ ते २.१८ च्या आसपास, म्हणजे हिऱ्यापेक्षा कमी असतो आणि रंगांची उधळण मात्र हिऱ्यापेक्षा जास्त असते. तो हिऱ्याच्या दीडपटीहूनही जड असतो. एक कॅरेटचा गोल हिरा सुमारे साडेसहा मिलिमीटर व्यासाचा असतो, पण त्याच आकाराचा अमेरिकन डायमंड तराजूवर दीड कॅरेटहून अधिक भरतो. सुटा खडा असेल तर माप आणि वजन एवढ्यावरच बरेचसे उमगते.

खरी कसोटी लागते ती मॉइसनाइटच्या बाबतीत. हेन्री मॉइसन या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला १८९३ मध्ये ॲरिझोनातील उल्कापाषाणात हे सूक्ष्म स्फटिक मिळाले आणि प्रथम तो स्वतःच त्यांना हिरे समजला. पुढे १९०४ मध्ये ते सिलिकॉन कार्बाइड असल्याचे त्याने ओळखले. पुढे नोबेल मिळवणाऱ्या शास्त्रज्ञालाही प्रथमदर्शनी फसवणारा हा खडा आता कारखान्यात तयार होऊन दागिन्यांत येतो. हिरा उष्णता फार लवकर वाहून नेतो, या गुणावर चालणारे पेनासारखे यंत्र अनेक पेढ्यांवर असते. मॉइसनाइटही उष्णता उत्तम वाहून नेतो. त्यामुळे केवळ उष्णतेवर चालणारे यंत्र त्यालाही हिरा ठरवते.

येथे किरणाची साक्ष कामी येते. मॉइसनाइटचा अपवर्तनांक २.६५ ते २.६९, म्हणजे हिऱ्याहूनही जास्त असतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो एका किरणाचे दोन किरण करतो. हा गुण १६६९ मध्ये डेन्मार्कच्या बार्थोलिनने आइसलँडमधील स्फटिकात प्रथम वर्णिला. त्या स्फटिकातून पाहिले असता कागदावरील एक रेघ दोन दिसते. मॉइसनाइटच्या आत दहापट भिंगातून पाहिले, तर मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. हिऱ्यात त्या एकेरीच दिसतात. मात्र घडवणारे हा खडा असा कापतात की माथ्यातून सरळ पाहिल्यास दुहेरीपणा दिसत नाही. भिंग लावून खडा थोडा तिरपा करावा आणि बाजूच्या पैलूंतून पाहावे. सरळ पाहून जे लपते, ते बाजू बदलताच उघड होते.

रंगीत रत्नांचा इतिहासही असाच आहे. ब्रिटनच्या राजमुकुटात अग्रभागी बसवलेला ‘ब्लॅक प्रिन्स रूबी’ आणि मोगल बादशहांची नावे कोरलेला ‘तैमूर रूबी’ हे दोन्ही खडे शतकानुशतके माणिक म्हणून मिरवले. प्रत्यक्षात ते स्पिनेल आहेत. स्पिनेलचा अपवर्तनांक सुमारे १.७२ आणि किरण एकेरी, तर माणकाचा १.७६ ते १.७७ आणि किरण दुहेरी. रत्नपारखी रिफ्रॅक्टोमीटर नावाच्या छोट्या उपकरणावर खडा ठेवून हा आकडा सरळ वाचतात. हे उपकरण साधारण १.८१ पर्यंतच मोजते, त्यामुळे माणिक, पाचू, नीलम यांना ते उपयोगी पडते. हिरा आणि त्याची वरील दोन्ही सोंगे त्याच्या मापाबाहेर राहतात.

गोदामात आणि मंडईत

किरणाची ही परीक्षा रत्नांपुरती मर्यादित नाही. तूप तपासताना दुग्धशाळेत ‘बी. आर. रीडिंग’ घेतले जाते, तेही अपवर्तनाचेच मोजमाप आहे. ४० अंश सेल्सियस तापमानाला शुद्ध तुपाचे हे वाचन चाळिशीच्या पहिल्या काही आकड्यांत येते. शेंगदाणा तेलाचे वाचन ५४ ते ५७ असते. तुपात असे तेल मिसळले की आकडा वर सरकतो आणि भेसळ उघडी पडते. परंतु खोबरेल तेलाचे वाचन तुपापेक्षा कमी, सुमारे ३४ ते ३५ असते. वर नेणारे आणि खाली आणणारे असे दोन पदार्थ हिशेबाने मिसळले, तर बेरीज-वजाबाकी होऊन आकडा पुन्हा मर्यादेत आणता येतो. म्हणूनच प्रयोगशाळा एका आकड्यावर विसंबत नाहीत, ‘आर. एम. मूल्य’ यांसारख्या रासायनिक चाचण्याही घेतात. आपल्याकडे वनस्पती तुपात ठरावीक प्रमाणात तिळाचे तेल घालण्याचा दंडक घालून देण्यात आला, तोदेखील याच कारणासाठी. तिळाचे तेल घातलेले वनस्पती शुद्ध तुपात मिसळले, तर त्या तेलाची वेगळी चाचणी ते पकडून देते. ताळेबंद जुळला म्हणजे व्यवहार स्वच्छ असतोच असे नाही, हे हिशेब तपासणाऱ्यांना निराळे सांगायला नको.

नाशिक-सांगली भागातील द्राक्ष बागायतदारांच्या खिशात दुर्बिणीसारखी एक छोटी नळी असते. द्राक्षाच्या रसाचा एक थेंब तिच्या काचेवर टाकून उजेडाकडे पाहिले, की आतल्या पट्टीवर उजळ आणि गडद भागांची सीमा दिसते. ती सीमा ज्या आकड्यावर येते, तेवढा ब्रिक्स. १८ ब्रिक्स याचा अर्थ १०० ग्रॅम रसात सुमारे १८ ग्रॅम विरघळलेले घटक, आणि द्राक्षात ते मुख्यतः साखरेचेच असतात. निव्वळ पाण्याचा अपवर्तनांक १.३३३, तर २० टक्के साखरेच्या पाण्याचा १.३६४ असतो. दिसायला फरक नगण्य, पण याच फरकावर माल आज तोडायचा की आणखी चार दिवस थांबायचे हे ठरते. चव ज्याच्या त्याच्या जिभेवर अवलंबून असते. हा आकडा मात्र विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला एकच दिसतो, म्हणून सौद्यात वाद होत नाही.

मावळून गेलेला सूर्य

हवा पाण्याइतकी किंवा काचेइतकी किरण वाकवत नाही. तिचा अपवर्तनांक जमिनीलगत केवळ १.०००३ इतका आहे. परंतु क्षितिजावरून येणाऱ्या किरणाला वातावरणातून फार लांबचा प्रवास करावा लागतो आणि तो सुमारे ३४ कलांनी, म्हणजे अर्ध्या अंशाहून किंचित अधिक वाकतो. सूर्यबिंबाचा व्यासही जवळपास अर्धा अंशच असतो. याचा अर्थ असा, की मावळतीला सूर्याची खालची कड क्षितिजाला टेकलेली दिसते, तेव्हा सरळ रेषेचा विचार केला तर संपूर्ण बिंब क्षितिजाखाली गेलेले असते. डोळ्यांना दिसते ती वाकलेल्या किरणांनी वर उचलून धरलेली प्रतिमा. महाराष्ट्राच्या अक्षांशावर या कारणाने सूर्य संध्याकाळी सुमारे दोन-अडीच मिनिटे उशिरा मावळताना दिसतो आणि सकाळी तितकाच लवकर उगवताना.

सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या घरांत ही माहिती कुतूहलाने वाचली जाईल. खगोलशास्त्रीय कोष्टकांत सूर्यास्ताची वेळ काढताना या ३४ कला आणि बिंबाची त्रिज्या म्हणून १६ कला अशा एकूण ५० कला रीतसर धरलेल्या असतात. त्यामुळे त्या कोष्टकांतील वेळ ही डोळ्यांना दिसणाऱ्या सूर्यास्ताची असते. काही पंचांगे बिंबाच्या मध्याचा हिशेब धरतात, म्हणून दोन ठिकाणच्या वेळांत काही मिनिटांचे अंतर आढळू शकते. यात कोणाची चूक नसते, फक्त कोणती व्याख्या घेतली आहे ते पाहावे लागते.

जेथे किरणाची साक्ष संपते

अपवर्तनांक पदार्थ कोणता ते सांगतो. तो पदार्थ आला कोठून, हे त्याला सांगता येत नाही. १९०२ मध्ये फ्रान्सच्या व्हर्नॉय याने भट्टीत माणिक तयार करण्याची पद्धत जाहीर केली. त्या माणकाचा अपवर्तनांक खाणीतील माणकाइतकाच असतो, कारण पदार्थ तोच आहे. हिऱ्याच्या बाबतीत आज हाच प्रश्न अधिक तीव्रतेने उभा आहे. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा हा नकली हिरा नव्हे, तो कार्बनचाच स्फटिक आहे. त्याचा अपवर्तनांक २.४२ च असतो, क्रांतिक कोन तोच, तेजही तेच. उष्णतेचे यंत्र त्याला हिराच म्हणते आणि ते खोटेही नसते. भिंगातून कडा एकेरीच दिसतात. खाणीतला आणि प्रयोगशाळेतला हिरा वेगळा ओळखण्यासाठी अतिनील किरणांखालील वर्तन, नायट्रोजनच्या अणूंची मांडणी अशा सूक्ष्म गोष्टी तपासणारी महागडी यंत्रे लागतात. दोघांच्या बाजारभावात मात्र मोठी तफावत आहे.

कमी खर्चात हौस भागवणाऱ्यासाठी प्रयोगशाळेतील हिरा घेण्यात काहीच गैर नाही आणि तो विकण्यातही नाही. गैर आहे ते एकच, तो कोणता आहे हे न सांगणे. गिऱ्हाईक भिंग घेऊन आले तरी त्याला हा फरक दिसणार नाही. पेढीवर बसलेल्या माणसाला तो ठाऊक असतो, निदान ठाऊक असायला हवा. ज्या ठिकाणी घेणाऱ्याजवळ तपासण्याचे कोणतेच साधन उरत नाही, त्याच ठिकाणी विकणाऱ्याची खरी परीक्षा असते.

यासाठी काही साधे नियम पाळता येतात. बिलावर केवळ ‘हिरा’ असे न लिहिता ‘नैसर्गिक’ किंवा ‘प्रयोगशाळेत निर्मित’ असे स्पष्ट लिहून द्यावे आणि घेणाऱ्यानेही ते मागून घ्यावे. प्रमाणपत्र असलेल्या अनेक हिऱ्यांच्या कडेवर लेसरने सूक्ष्म क्रमांक कोरलेला असतो. तो पेढीवरच भिंगाखाली पाहून प्रमाणपत्राशी ताडून घ्यावा. जुने दागिने मोडताना किंवा त्यांची घडण बदलताना खडे काढण्यापूर्वी त्यांची संख्या, माप आणि वजन दोघांच्या समक्ष लिहून ठेवावे. ही कागदपत्रे दागिन्याच्या डबीतच जपावीत, म्हणजे पुढच्या पिढीला वाटणीच्या वेळी कोणाच्या शब्दावर विसंबावे लागणार नाही.

किरण वाकतो तो ठरलेल्या नियमाने, आणि प्रत्येक वेळी तितकाच. त्याच्या वाकण्यावर हजारो मैलांवरचा अनोळखी माणूसही विश्वास ठेवू शकतो. पेढीचे नाव होते ते याच गुणामुळे. गिऱ्हाइकाला काय दिसते आणि काय दिसत नाही, याचा विचार न करता दोन्ही वेळी बिलावर एकच अक्षर उमटले, तर त्या बिलाला वेगळ्या यंत्राची गरज भासत नाही.